पणजीत कामाला पायी येणाऱ्यांसाठी रस्ता कुठाय?

पाटोकाठची

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच.

मी सांतइनेजला राहते. आमच्याकडे सकाळी भांडी आणि केरलादीला ज्या मावशी येतात त्या चिंबलच्या इंदिरानगरातून येतात, मूळच्या गदगकडच्या, पण इथे वीसेक वर्षं झालीत. परवा त्यांची चप्पल दाराबाहेर पालथी पडली होती म्हणून सरळ करायला वाकले तर टाचेखाली आरपार भोक, आणि आतल्या बाजूने सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाभणाने शिवून बसवलेला. टाके इतके बारीक की आधी कंपनीचीच शिलाई वाटली मला. विचारलं तर म्हणाल्या, "तीन महिन्याला एक जोड जातो बाई, हा पाचव्या महिन्यात आणलाय."

तेव्हा कुठे मला कळलं की ही बाई रोज सकाळी चिंबलहून पणजीला चालत येते. खाली रायबंदरच्या रस्त्याला उतरायचं, मग तो मिठागरांच्या कडेचा लांबच लांब बांधरस्ता, मग पणजीच्या तोंडाशी पाटो, मग आमचं घर. सहज पाच-सहा किलोमीटर. पावणेसहाला निघतात. येताना चालत, जाताना बस, आणि महिन्याची वीस तारीख उलटली की दोन्ही वेळा चालत.

आम्ही दोघींनी बसून हिशोब केला. चिंबलहून एक बस, स्टँडवरून दुसरी, आणि दुपारी ताळगावातल्या घरी जायचं असेल तर तिसरी. रोजचे चाळीस रुपये धरले तरी सव्वीस दिवसांचे हजाराच्या वर जातात. एका घरचे त्यांना महिन्याला दोन हजार मिळतात (आमच्याकडचेही तेवढेच होते, आता वाढवलेत, ते असो). म्हणजे चार घरं करायची आणि त्यातल्या एका घरचं अर्धं काम फुकट बसवाल्यासाठी. त्या म्हणाल्या, "पाय माझे, बस दुसऱ्याची."

तेव्हापासून सकाळी सहाला गॅलरीत उभी राहिले की दिसायला लागलंय. मासळीच्या टोपल्यावाल्या, बांधकामावर जाणारी पोरं, हॉटेलात भांडी घासणारे, नर्सरीत काम करणाऱ्या बायका, सगळे रस्त्याच्या कडेने एकामागे एक. शेजारी चालायला जागा नसते म्हणून एकामागे एक.

मला विचारायचंय की आपल्या गोव्यात ह्या माणसांचा विचार कुणी करतं का? फूटपाथ, लाईट, रस्ता ओलांडायची सोय, काहीही. तुमच्या भागात काय आहे ते लिहा.

डिचोलीकर

चांगला विषय काढलात. पण खरं सांगू का, गोव्यात चालणारे दिसतच नाहीत कारण बघणारे सगळे गाडीवर आहेत. २०११च्या जनगणनेतच निम्म्याहून जास्त घरांत दुचाकी होती आपल्याकडे, आता तर काय बोलायलाच नको. पंचायतीत बसणारा, पालिकेत बसणारा, इंजिनिअर, पत्रकार, मी स्वतः, कुणालाच गेल्या दहा वर्षांत एक किलोमीटर कामासाठी चालावं लागलेलं नाही. त्यामुळे रस्ता म्हटलं की डांबर आणि पार्किंग एवढंच डोक्यात येतं.

फक्त एक मुद्दा. मला वाटतं फूटपाथपेक्षा बस हा खरा उपाय आहे. सहा किलोमीटर कुणालाच चालायला लागू नये. बस स्वस्त करा, वेळेवर सोडा, प्रश्न सुटला.

बांद्याचा_मी

डिचोलीकर दादा बस वेळेवर सोडा हे बरोबर पण कधीपर्यंत सोडणार ते पण सांगा. मी कळंगुटला एका हॉटेलात किचनमध्ये आहे, घर बांद्याला, आठवड्यातून एकदा जातो, बाकी दिवस आम्ही पाच जण पर्रा बाजूला खोली घेऊन राहतो. कळंगुट बाजूला खोलीचं भाडं परवडतच नाही. शिफ्ट संपते रात्री साडेअकराला. आमच्या रूटवर शेवटची प्रायव्हेट बस त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, त्या वेळेला मिळाला तर जे मागेल ते द्यायचं, एका रात्रीचा पायलट म्हणजे दुसऱ्या दिवशीचं जेवण. म्हणून चालत. साडेतीन-चार किलोमीटर.

रस्ता कसा आहे सांगतो. एका बाजूला चिऱ्याचं कंपाउंड, त्याला लागून उघडं गटार, आणि गटाराला लागून लगेच डांबर. मधे एक पाऊल ठेवायला जागा नाही. म्हणजे चालायचं ते डांबरावरूनच. समोरून रेंटची गाडी हाय बीम टाकून आली की दोन सेकंद काही दिसत नाही, तेव्हा आम्ही उभेच राहतो, चालत नाही. आम्ही ठरवून टाकलंय पांढरा शर्ट वर घालायचा, पुढच्याने मोबाईलचा टॉर्च पुढे धरायचा आणि शेवटच्याने मागे. काठी पण असते एकाकडे, कुत्र्यांसाठी.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाला मागून गाडीने उडवला. पायाचं हाड मोडलं, सात आठवडे प्लास्टर. मालकाने पहिल्याच महिन्यात त्याच्या जागी दुसरा घेतला. आता तो सावंतवाडीला भावाच्या दुकानात बसतो. गाडीवाला सापडला नाही.

रेतीसिमेंट

मी सिव्हिलमध्ये आहे, रस्त्यांचीच कामं करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

नियम नाहीत असं अजिबात नाही. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे, तिचं १०३ नंबरचं कोड खास पादचाऱ्यांसाठी आहे. त्यात वस्तीच्या भागात चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर, बाजाराच्या भागात अडीच मीटर, फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं स्पष्ट लिहिलंय. मोकळी म्हणजे त्यात खांब, झाड, ट्रान्सफॉर्मर काही नको. १.८ मीटर का, तर दोन माणसं समोरासमोरून अंग न चोरता जायला हवीत.

प्रत्यक्षात काय होतं? आधी गाड्यांची रुंदी काढायची, मग पार्किंग, मग उरलेल्या जागेत गटार, आणि गटारावर स्लॅब टाकला की कागदावर तो फूटपाथ. स्लॅबचं झाकण एकदा केबलवाल्याने उचललं की परत बसत नाही. उंची पण बघा, पावसाचं पाणी चढू नये म्हणून फूट-दीड फूट उचलतात आणि प्रत्येक गेटपाशी खाली उतरवतात. शंभर मीटरमध्ये आठ गेटं असली तर आठ वेळा चढायचं आणि आठ वेळा उतरायचं. डोक्यावर टोपली असलेली बाई ते करेल का? ती खाली रस्त्यावरूनच जाते, आणि मग लोक म्हणतात फूटपाथ दिला तरी वापरत नाहीत.

मोजमापाच्या वहीत फूटपाथला आयटम असतो पण बजेट कमी पडलं की पहिला तोच कापला जातो, हे मी स्वतः बघितलंय. मी सही केलेल्या कामातही कापला गेलाय. त्या रस्त्यावरून आजही जातो तेव्हा ते लक्षात असतं.

बांद्याच्या मित्राने हाय बीमचं लिहिलं म्हणून वेगाचं पण सांगतो. गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला तर धडक बसलेला पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पट होते, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. १५ किलोमीटरचा फरक गाडीवाल्याला जाणवतसुद्धा नाही.

सांजवात

@डिचोलीकर, बस हा उपाय आहेच पण बसपर्यंत पण चालावंच लागतं ना. पर्वरीत सध्या उड्डाण रस्त्याचं काम चालू आहे, तिथे बसमधून उतरून पलीकडे जायचं म्हणजे मी तरी मुलाचा हात दोन्ही हातांनी धरते. आणि हायवे जेव्हा जेव्हा रुंद होतो तेव्हा गाडीची पाच मिनिटं वाचतात पण पायी माणसाला पलीकडच्या दुकानात जायला अर्धा किलोमीटर फिरून यावं लागतं. तो फेरा कुठल्या अहवालात येतो?

बायकांचं तर अजून वेगळं. सकाळचं कामावर जाणं हे एकच चालणं नसतं त्यांचं. पोरगं बालवाडीत सोड, रेशन, गॅसची टाकी, दवाखाना, परत पोरगं आण. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीचं अर्धं तिकीट आहे. माझी मावसबहीण दोडामार्गहून इकडे कामाला येते, तिचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण. ती हद्दीवर उतरून पुढचे दोन किलोमीटर कधी कधी चालते.

म्हापशेकर_आजोबा

तुम्ही सगळी तरुण मंडळी लिहिताय ते वाचून बरं वाटलं. माझं वय ७४.

पूर्वी गोव्यात सगळेच चालायचे आणि त्यात गरीब श्रीमंत असा फार फरक नव्हता, निदान चालण्यापुरता. पण तेव्हा वाटा होत्या. शेताच्या बांधावरून, कुणाच्या भाटातून म्हणजे माडांच्या बागेतून, देवळामागून, डोंगरावरून चिऱ्याच्या पायऱ्या उतरून. गाडीच्या रस्त्याने चार किलोमीटर असेल तर वाटेने दीड. भाटकार, म्हणजे भाटाचा मालक, कितीही कडक असला तरी वाट अडवत नसे, मीठ-मिरची आणायला जाणाऱ्याला कोण अडवणार.

१९८६ साली ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी पणजीत नोकरीला होतो. नंतर कितीतरी दिवस बेतीपर्यंत जायचं, फेरी पकडायची, पलीकडे उतरून ऑफिसपर्यंत चालायचं. साहेब पण चालायचा आणि शिपाई पण. त्या दिवसांत फेरीच्या धक्क्यावरची गर्दी, उतारावरचा चिखल ह्याबद्दल सगळे बोलायचे, पेपरात रोज यायचं. कारण चालणाऱ्यांत साहेब होते.

आता ती सगळी भाटं विकली गेली. जिथून वाट होती तिथे आठ फुटी भिंत आणि वर काचा. आमच्या वाड्यावरून बाजारात जायची पायवाट गेल्या चार वर्षांत बंद झाली, एका बंगल्याच्या मागे आली म्हणून. मी आता रिक्षाने जातो, मला परवडतं. आमच्याकडे माडावरचे नारळ पाडायला येतो तो हायवेने वळसा घालून येतो, खांद्यावर दोर आणि कोयता घेऊन.

आजही नदीवरची फेरी पायी माणसाला फुकट आहे, ही गोव्यातली फार मोठी गोष्ट आहे. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकीलाही बंदी, पायी माणसाचा तर प्रश्नच नाही. पण बेतीची फेरी एक पैसा न घेता पलीकडे नेते.

हरमलची_वाट

मला थोडं वेगळं बोलायचंय, कुणी राग मानू नये. पणजीत स्मार्ट सिटीच्या कामात काही रस्त्यांना खरंच चांगले फूटपाथ झालेत. पण त्यावर गाडे. ऑम्लेटचा गाडा, फळवाला, चहावाला. मग चालणाऱ्याने जायचं कुठून? आणि दुसरं, चालणं तब्येतीला चांगलंच की. डॉक्टर तर रोज दहा हजार पावलं चाला म्हणतात.

पाटोकाठची

राग अजिबात नाही, पण तब्येतीचं जरा सांगते. मी मिरामारला सकाळी चालायला जाते, पायात बूट, हातात पाणी, पाऊस असला तर जात नाही. मावशी वीस तारखेनंतर दिवसाला दहा किलोमीटर चालतात आणि मधल्या वेळात चार घरांच्या लाद्या ओणव्याने पुसतात. त्यांची टाच बघितली मी, भेगांत काळं ग्रीस जावं तशी माती बसलेली, रात्री मेण आणि खोबरेल गरम करून ओततात म्हणाल्या. पावसात दोन्ही पायांच्या बोटांमध्ये चिखल्या. इथे पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटर, जून ते सप्टेंबर त्या ओल्या कपड्यांतच चारही घरं करतात. आमच्याकडे एक कोरडी साडी ठेवून जा म्हटलं तर आधी ऐकेनात, आता ठेवलीय.

ह्याला व्यायाम कसं म्हणू?

वाचून_सांगतो

दोन-तीन गोष्टी कायद्याच्या.

एक, फूटपाथवरच्या हातगाड्यांबद्दल. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात सर्वे करून, समिती नेमून, जागा ठरवून द्यायची आहे. गाडेवाल्याला जागा ठरवून दिली नाही तर तो जिथे माणसं चालतात तिथेच उभा राहणार, कारण त्याचं गिऱ्हाईक गाडीतून येत नाही. तो ऑम्लेट-पाववाला ज्याला खायला घालतो तो पण चालणाराच आहे. आणि फूटपाथवर गाडा किती जागा खातो आणि पार्क केलेली एक कार किती खाते हे एकदा उभं राहून बघा.

दोन, सुप्रीम कोर्टाने १४ मे २०२५ ला सांगितलंय की वापरण्यासारखा, अडथळा नसलेला फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती याचिका कोइमतूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांची होती, मोडलेले पाय जोडणारा माणूस कोर्टात गेला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पादचाऱ्यांसाठी नियम करायचा अधिकार पण आहे.

तीन, १९८५ चा मुंबईच्या फूटपाथवासीयांचा निकाल, ओल्गा टेलिस. कोर्टाने तेव्हाच म्हटलं होतं की ही माणसं फूटपाथवर राहतात कारण काम तिथून जवळ आहे, रोज येण्याजाण्यात वेळ आणि पैसा घालवणं त्यांना शक्य नाही. म्हणजे घर आणि कामातलं अंतर हा गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे हे चाळीस वर्षांपूर्वी लिहून झालंय. आपण मात्र वस्ती उठवतो आणि दहा किलोमीटरवर नेऊन टाकतो आणि म्हणतो घर दिलं ना.

आकडा एकच देतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातले ३२,८२५ पादचारी. रोजचे जवळजवळ नव्वद.

डिचोलीकर

वाचून_सांगतो, धन्यवाद. मी वर बस हा उपाय म्हटलं ते अर्धवट होतं, मान्य. बांद्याच्या मित्राचं वाचल्यावर काल रात्री मुद्दाम साखळीहून येताना गाडी हळू घेतली आणि मोजलं. कारखान्याची शिफ्ट सुटली होती, दोन-अडीच किलोमीटरमध्ये ३४ माणसं चालत होती. त्यातल्या तिघांच्याच अंगावर उजळ कपडा. ह्याच वेळेला ह्याच रस्त्याने मी दहा वर्षं जातोय आणि मला एकही आठवत नाही.

जनगणनेत चालणारे मोजतात का?

रेतीसिमेंट

२०११ ला विचारलं होतं, कामाला कसे जाता म्हणून. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीचे जे कामकरी, त्यांतले देशात वीस टक्क्यांहून जास्त पायी जाणारे निघाले, सायकलवाल्यांपेक्षा बरेच जास्त आणि मोटारसायकलवाल्यांपेक्षाही. पण त्यात मुख्य वाहन कुठलं तेवढंच येतं. एक किलोमीटर चालून बस पकडली तर ती व्यक्ती बसवाली. आणि सांजवात ताईंनी लिहिलं ते रेशनचं, बालवाडीचं चालणं तर त्यात नाहीच.

आमच्या कामात वाहनांची मोजणी नेहमी होते. नाक्यावर पोरं बसवतात, कार किती, ट्रक किती, बस किती, आणि त्यावर रस्त्याची रुंदी ठरते. पायी माणसं मोजा असं टेंडरमध्ये क्वचितच असतं. मोजलंच नाही तर डिझाईनमध्ये येणार कुठून? कुणी मोजून दिलं, तारीख-वेळ-जागा लिहून, तर निदान फाईलला लावता येतं, आणि फाईलला लावलेला कागद खालच्या इंजिनिअरला नाही म्हणता येत नाही एवढं मी अनुभवाने सांगतो. वहीत रेघा मारल्या तरी चालतात. बाया, बाप्ये, मुलं वेगळी मोजा, डोक्यावर ओझं असलेली वेगळी मोजा, सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास.

बांद्याचा_मी

मोजायला मी आहे. सोमवारी माझी सुट्टी असते. आणि एक विनंती, लाईटचं पण लिहा, कुठला खांब बंद आहे त्याचा नंबर खांबावर रंगवलेला असतो. आमच्या रस्त्यावरचे सात बंद आहेत, नंबर लिहून ठेवलेत मी.

सांजवात

पर्वरीची बाजू मी करीन, सकाळी मुलाला शाळेत सोडल्यावर. माझ्या दोन मैत्रिणी पण येतील बहुतेक.

पाटोकाठची

मावशींना धागा वाचून दाखवला. त्यांना सगळ्यात जास्त काय पटलं तर आजोबांचं, वाटेचं. म्हणाल्या चिंबलहून खाली उतरायला पण आधी एक वाट होती, आता तिथे पत्रे लागलेत, म्हणून वीस मिनिटं जास्त लागतात. नंतर म्हणाल्या, मोजायचं असेल तर सहाला येऊन उपयोग नाही, बांधकामवाली पोरं साडेपाचलाच जातात, त्यांचा मुकादम उशीर झाला की अर्धा दिवस कापतो.

तर सोमवारी सव्वापाच. बांधरस्त्याच्या रायबंदरच्या टोकाला मी उभी असेन, निळी छत्री. पलीकडच्या टोकाला पाटोला कुणीतरी हवंय, म्हणजे मधून बस पकडणारे पण कळतील.

म्हापशेकर_आजोबा

पाटोला मी येतो. नातू सोडेल मला. वही आणि टॉर्च घेऊन येतो, एक घडीची खुर्ची पण आणतो.